दोन अज्ञात, एकच समीकरण

मागच्या लेखात हवामानाच्या मॉडेलांविषयी लिहिलं होतं. तो वाचून आपल्या मंडळातल्या एका अकरावीतल्या मुलीने मला विचारलं, "दादा, पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थर्मामीटर कोणी ठेवला होता?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

थर्मामीटर होता, पण तो जिवंत होता. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्रतळावर राहतात, बरेचसे वाळूच्या कणाएवढे. आजूबाजूच्या पाण्यातूनच ते स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात. जीव मरतो, कवच गाळात गाडलं जातं. जहाजावरून तळाला भोक पाडून त्या गाळाचे लांबच लांब नळकांडे वर काढतात. जितकं खोल जावं तितका जुना काळ हाती येतो.

तळाचंच तापमान कशासाठी? कारण खोल समुद्रातलं पाणी ध्रुवांकडून येतं. तिथे पृष्ठभागावरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बुडतं आणि शेकडो वर्षं तळातून फिरत राहतं. म्हणून आज विषुववृत्ताखालीसुद्धा तळाचं पाणी फ्रीजमधल्या पाण्याइतकं, म्हणजे ० ते ४ अंशांचं असतं. थोडक्यात, तळाचं तापमान हा ध्रुवांजवळच्या हिवाळ्याचा हिशेब आहे.

आता मोजायचं कसं? ऑक्सिजनचे हलका १६ आणि जड १८ असे अणू असतात. पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. यातून तापमान काढता येईल ही कल्पना हॅरॉल्ड युरी यांची, १९४७ सालची. त्यांच्याच शिकागोच्या प्रयोगशाळेतल्या चेझारे एमिलियानी यांनी १९५४ मध्ये तळावरच्या कवचांवरून सांगितलं, की तीन कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिकचा तळ सुमारे १० अंशांवर होता.

पण इथे एक गोम आहे. वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडतो. तो बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडला, की मागे उरलेला समुद्रच जड होतो. म्हणजे कवच जड निघालं तर पाणी थंड होतं, की जगात बर्फ जास्त होता? १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी दाखवलं, की हिमयुगांच्या नोंदींतला मोठा हिस्सा तापमानाचा नसून बर्फाचा आहे. अज्ञात दोन, समीकरण एक. आठवीतला मुलगाही सांगेल, हे सुटत नाही.

दुसरं समीकरण मॅग्नेशियमने दिलं. गरम पाण्यात कवचात मॅग्नेशियम जास्त शिरतं. २००० साली कॅरोलाइन लिअर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून पाच कोटी वर्षांत तळ सुमारे १२ अंशांनी थंडावल्याचं मांडलं. पण समुद्रातलं मॅग्नेशियमही कोट्यवधी वर्षांत बदलतं, म्हणजे तिथेही एक गृहीतक आलंच.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती यापुढची आहे. कवचात जड कार्बन १३ आणि जड ऑक्सिजन १८ शेजारी-शेजारी बसलेत का, एवढंच पाहायचं. थंडीत अशा जोड्या निव्वळ योगायोगाने जमतील त्यापेक्षा जास्त जमतात, उष्णतेत त्या विस्कटतात. गंमत अशी, की यासाठी मूळ पाणी कसं होतं हे माहीत असण्याची गरजच नाही. ही पद्धत कार्बोनेटवर पहिल्यांदा बसवणाऱ्या २००६ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक प्रसेनजित घोष. ते तेव्हा कॅलिफोर्नियात होते, नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

कवच आम्लात विरघळवायचं आणि निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचे रेणू तोलायचे. नेहमीचा रेणू ४४ वजनाचा, आपल्याला हवा तो ४७ चा. दहा लाखांत जेमतेम पन्नासएक. इतक्या बारीक खुणेवर मापनातला गोंधळ सहज मात करतो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढावी लागते. सेन्सरच्या डेटाशी रोज झटापट करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

२०२२ मध्ये बर्गेन विद्यापीठाच्या नेले मेक्लर आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने साडेसहा कोटी वर्षांचा अटलांटिकचा तळ तपासला. जुन्या ऑक्सिजन-आलेखावर पाच कोटी वर्षांपूर्वीचा तळ सुमारे १२ अंशांचा दिसे. नव्या मोजमापात खोल अटलांटिक एकंदरीत त्याहून बराच गरम निघाला. तेव्हा मोठे हिमथर नव्हते, म्हणजे बर्फाचा अज्ञात शून्य धरता येतो, असा सगळ्यांचा हिशेब होता. मग तफावत कुठून आली? समुद्राची आम्लता बदलली असेल, किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाणच वेगळं असेल. कोडमध्ये कोणीतरी एक संख्या कायमची लिहून ठेवावी आणि ती तपासायचं पुढे कोणाला सुचूच नये, तसं काहीसं.

हा वाद फक्त जुन्या काळाचा नाही. आपण वातावरणात वाढवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पोटात घेतो आहे. भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेल्या जगात ध्रुव किती तापतात, हे मॉडेलांना येतं का, याची परीक्षा त्या जुन्या उष्ण काळावरच घेतली जाते. उत्तरपत्रिकेतलं उत्तरच बदललं, तर मॉडेलांचे गुणही बदलणार.

मी मात्र जुना आलेख इतक्यात खोडणार नाही. मेक्लर यांचे नमुने अटलांटिकचे आहेत आणि पॅसिफिक जवळजवळ दुप्पट मोठा आहे. तिथूनही इतकीच दाट मोजमापं यायला हवीत. तोवर त्या आलेखाच्या उभ्या अक्षावर 'तापमान' लिहिलेलं दिसलं, की मी ते मनातल्या मनात 'ऑक्सिजनचं प्रमाण' असंच वाचतो.