‘रेस देत राहा, निघून जाईल’

सध्या एक व्हिडिओ बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तळ्याच्या काठावरून एक जण स्नोमोबाइल सुसाट सोडतो आणि पाण्यावरून पार पलीकडे निघून जातो. गाडी बुडत नाही. मागे पाण्याचा फवारा, काठावर टाळ्या. खाली आपल्याकडच्या पोरांची वाक्यं: ‘आपण तर फरशीवरून स्प्लेंडर काढतो भो, त्यात काय!’

हे वाक्य वाचून हसलो नाही. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला यात हसण्यासारखं फारसं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा.

आधी ती गाडी काय आहे ते बघू. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी पाहिली असेल, काहींनी पैसे देऊन चक्करही मारली असेल. पुढे दोन पट्ट्या, म्हणजे स्की, आणि मागे चाकांऐवजी दातेरी रबरी पट्टा. वजन दोनशे किलोच्या आसपास किंवा जास्तच. अशी गाडी पाण्यात सोडली तर दगडासारखी तळाला जायला हवी. पण वेग भरपूर असेल तर पुढच्या स्की पाण्यावर सरकतात, मागचा पट्टा पाणी मागे फेकत राहतो आणि गाडी वर राहते. लहानपणी आपण चपटा दगड तिरका मारून पाण्यावर टप्पे खेळायचो, तसंच काहीसं. वेग कमी झाला की खेळ संपला. रेस सोडली की गाडी तळाला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ग्रँट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७० च्या दशकापासून दर जुलैत या प्रकाराच्या शर्यती होतात. पण व्हिडिओत न दिसणारी गोष्ट ऐका. ते तळं आहे, पाणी स्थिर आहे. चालवणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. मदतीला होडी तयार. गाडीला दोरी आणि तरंगता गोळा बांधलेला असतो, कारण काही गाड्या बुडणार हे आयोजकांनी धरलेलंच असतं. गोळा जिथे दिसेल तिथून गाडी ओढून वर काढायची. म्हणजे बुडायचं कसं, याचीसुद्धा तयारी करून ती माणसं पाण्यात उतरतात.

आता आपल्याकडे या.

आपल्या भागात पुरातून गाडी काढताना काठावरचे लोक काय ओरडतात? ‘थांबू नको, रेस देत राहा, निघून जाईल!’ स्नोमोबाइलवाल्याचा नियम हाच आहे. त्याच्या गाडीला तो लागू पडतो, आपल्या गाडीला लागू पडत नाही. एवढं एक जरी डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं.

कारण साधं आहे. आपली मोटारसायकल, रिक्षा, कार चालते ती टायर जमिनीला धरून असतो म्हणून. पाण्यात जितक्या जोरात शिराल तितकी टायरची पकड सुटते. वर एअर फिल्टरमधून इंजिनात पाणी गेलं की गाडी तिथेच बंद, बऱ्याचदा कनेक्टिंग रॉडच वाकतो. आणि फरशीवरचं पाणी तळ्यासारखं उभं नसतं, ते आडवं रेटत असतं.

थोडा हिशेब करू. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, म्हणजे माणूस झपाझप चालतो त्याहून थोडं जास्त, तर आडव्या एक चौरस मीटर भागावर साधारण दोनशे किलोचा रेटा येतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आठशे किलो. पुरात वेग दुप्पट व्हायला किती वेळ लागतो, हे ओढ्याकाठी राहणाऱ्याला विचारा.

चारचाकीवाल्यांना वाटतं, आपली गाडी जड आहे. बघा मग. लहान कारचा तळ धरा साडेतीन मीटर बाय एक पूर्णांक सहा मीटर. माणसांसकट वजन धरा १००० किलो. तळाच्या वर फक्त १८ सेंटिमीटर पाणी चढलं की पाण्याने तेवढं वजन उचललं. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर. बेरीज ३५. म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्यालाही न लागणाऱ्या पाण्यात कार तरंगायला लागते. दारं बंद असल्याने पाणी आत शिरायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पुरेसा असतो.

त्यात आपली फरशी. फरशी पूल मुद्दामच असा बांधलेला असतो की पूर वरून निघून जावा. उंच कठडे ठेवले तर वाहून आलेली झाडं, काट्याकुट्या त्याला अडकतात आणि पुलावरच भार येतो, म्हणून कठडे नसतात किंवा ठेंगणे असतात. पाणी चढलं की रस्त्याची कड कुठे संपली ते दिसत नाही. गढूळ पाण्याखाली काँक्रीट आहे की गेल्या पुराने पाडलेलं भगदाड आहे, हेही दिसत नाही. आणि शेवाळ असतंच.

आपल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या नद्यांचा स्वभाव आणखी वेगळा. सुकी, भोकर, मोर, सगळ्या सातपुड्यातून निघतात आणि थोडक्या अंतरात तापीला मिळतात. उतार मोठा, धाव छोटी. पालच्या डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा इकडे फैजपुरात ऊन असू शकतं. फरशीवर घोट्याएवढं पाणी बघून माणूस उतरतो आणि मध्यावर पोचेपर्यंत वरचा लोंढा येतो. ‘पाऊस तर नव्हता’ हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर कोणीतरी म्हणतंच. पाऊस होता, डोंगरात होता.

जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी बस घातली गेली आणि वाहून गेली. माणसं गेली. एसटी बसचं वजन किती असतं ते सांगायला नको. ज्यांना अजून वाटतं की मोठी गाडी निघून जाते, त्यांनी त्या बसचे फोटो आठवावेत.

इथपर्यंत वाचून बरेच जण म्हणतील, बरोबर आहे, पोरांना अक्कल नाही, रील करतात, फटके द्या. रीलसाठी पुरात गाडी घालणाऱ्यावर कारवाई व्हावी, याला माझा विरोध नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्यासाठीच आहे. असे व्हिडिओ ‘थरारक’, ‘जिगरबाज’ असं लिहून टाकणाऱ्या पेजवाल्यांनाही विचारायला हवं की बाबा, हा वाहून गेला असता तर तू शीर्षक काय दिलं असतंस?

पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. फरशीवरून रोज जाणाऱ्यांत रीलवाले किती? दोन. बाकीचे कोण?

केळी कटाईचा मजूर आहे. घड कापला की माल त्याच दिवशी भरावा लागतो, व्यापाऱ्याची गाडी उभी असते, पोचला नाही तर रोज बुडाला. दूधवाला आहे, दूध संध्याकाळपर्यंत थांबत नाही. कॉलेजची मुलगी आहे, परीक्षा आहे किंवा हजेरी भरायची आहे. कंपनीत किंवा दुकानात कामाला जाणारा आहे, त्याला ‘पूर होता’ हे कारण महिन्यात दुसऱ्यांदा सांगता येत नाही. बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेलं कुटुंब आहे. संध्याकाळी परत येताना पलीकडे घर दिसत असतं, चूल पेटलेली असते, लेकरं वाट बघत असतात. मध्ये पन्नास फूट पाणी. अशा वेळी ‘काही नई होत भो’ हे वाक्य माजातून येत नाही. दुसरा इलाज नसतो म्हणून येतं.

विस्कॉन्सिनचा माणूस हौसेने पाण्यात जातो आणि त्याच्यासाठी होडी, दोरी, जॅकेट सगळं हजर. आपला माणूस पोटासाठी पाण्यात जातो आणि त्याच्यासाठी साधा एक रंगवलेला खांब नाही. वाहून गेल्यावर मात्र आपण सगळे मिळून त्यालाच मूर्ख ठरवतो. मला हे पटत नाही.

उंच पूल हवेत, हे खरंच. पण प्रत्येक फरशीच्या जागी पूल व्हायला कोट्यवधी रुपये आणि कित्येक वर्षं लागणार, हेही खरं. तोपर्यंत काय? तोपर्यंत करता येण्यासारख्या चार गोष्टी आहेत आणि त्यातल्या तीन जवळपास फुकट आहेत.

पहिली गोष्ट, खांब. प्रत्येक फरशीच्या दोन्ही टोकांना आणि कडेने पातळी दाखवणारे रंगवलेले खांब. लाल पट्ट्याला पाणी लागलं की रस्ता बंद, वाद नाही. खांबांच्या ओळीवरून रस्त्याची कडही कळते. याला सिमेंट, सळई आणि रंग लागतो. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित निधी मिळतो. कमानीला पैसे निघतात, खांबाला का निघू नयेत?

दुसरी गोष्ट, साखळी आणि माणूस. दोन्ही बाजूंना आडवी साखळी किंवा फाटक, आणि ते कोणी लावायचं त्या माणसाचं नाव व मोबाइल नंबर तिथेच पाटीवर. कोतवाल असेल, पोलीस पाटील असतील, गावातला तयार असलेला कोणी तरुण असेल, त्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांचं मानधन द्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३४ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाला धोक्याच्या भागातली वाहतूक रोखायचा अधिकार आहे. आज अडचण अशी की अधिकार जळगावला आणि पाणी इथे. लोंढा दहा मिनिटांत येतो, आदेश दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. अधिकार फरशीपर्यंत पोचवा.

एक माणूस काय करू शकतो, हे महाडला दिसलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात नदीत गेल्या. पूल पडलाय हे जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं आणि त्याने ते कळवलं, म्हणून पुढच्या गाड्या थांबल्या. तो तिथे होता हा योगायोग. आपण दरवेळी योगायोगावर किती दिवस काढणार?

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: न जाणाऱ्याचं नुकसान होऊ देऊ नका. साखळी लागली त्या दिवशी पलीकडच्या गावातल्या मुलांची गैरहजेरी धरायची नाही, हे शाळा-कॉलेजांनी आताच जाहीर करावं. एसटीच्या चालकाने बस थांबवली तर त्याला उशिराचा जाब विचारायचा नाही, उलट शाबासकी द्यायची. केळी व्यापारी आणि शेतकऱ्यांनी डोंगराकडे आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी नदीपलीकडची कटाई ठेवू नये. अलीकडे अडकलेल्यांसाठी रात्री शाळेची एक खोली उघडी ठेवावी, चहा-खिचडीचं गाव बघून घेईल. थांबणं परवडलं तरच माणूस थांबतो. नुसत्या ‘धोका’ लिहिलेल्या पाटीने थांबत नाही.

चौथी गोष्ट खर्चाची. जिथे दरवर्षी गाव तुटतं, अशा फरश्यांची यादी तालुक्याने जाहीर करावी. कोणती फरशी सार्वजनिक बांधकामकडे, कोणती जिल्हा परिषदेकडे, कोणत्या वर्षी काय प्रस्ताव गेला, हे सगळं लोकांसमोर लावा. बायपास आणि चौकाच्या सुशोभीकरणाआधी त्या यादीतलं एक तरी काम व्हावं. आमदार-खासदार कोणत्या पक्षाचे आहेत याच्याशी मला देणंघेणं नाही. यादी दाखवा.

काही जण म्हणतील, साखळी लावली तरी लोक उचलून जातातच. जातील काही. रेल्वे फाटकाखालूनही जातात, म्हणून आपण फाटकं काढून टाकली का? दहातले आठ थांबले तर आठ घरं वाचली.

आता तुमचं काम. १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली की निघून जाऊ नका. खांब, साखळी आणि माणसाचं नाव, एवढे तीनच विषय लेखी द्या आणि ठरावात घ्यायला लावा. नगरपालिकेच्या हद्दीतले असाल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या. आपल्या गावच्या फरशीचा साधा, कोरड्या दिवसाचा फोटो काढा आणि नाव लिहून मला पाठवा. पुराचा नको, पाण्याजवळ जाऊ नका. यादी तालुका करणार नसेल तर आपणच सुरुवात करू, मी ती तहसीलदार कार्यालयात नेऊन देतो आणि पोच इथेच टाकतो.

आणि या पावसाळ्यात काठावर उभं असताना कोणी गाडी घालायला निघालाच, तर मोबाइल खिशात ठेवा. त्याला चहाला थांबवा, त्याच्या घरी फोन लावून द्या की आज उशीर होईल. पाणी चढत असेल तर ११२ ला किंवा जिल्ह्याच्या १०७७ या नंबरला कळवा. आपल्याकडच्या नद्या जशा झटकन चढतात तशा उतरतातही, बऱ्याचदा दोन-तीन तासांत. तेवढा वेळ त्याच्यासोबत बसा.