ऐका, पण निवडून

मैत्रिणींनो, मागच्या रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. शेजारी मोबाइलवर पॉडकास्ट लावलेला. हल्ली घरोघर हेच चालतं, नाही का? कामाच्या वेळी कानाला सोबत हवी असते. त्यात खुनाबिनाचा, कोर्टातल्या खटल्याचा कार्यक्रम असला की हात कसे भराभर चालतात. माझंही तसंच आहे, खोटं कशाला सांगू?

त्या दिवशीचा खटला आमच्याच भागातला निघाला. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की आलंच. निवेदकाने मुलीचं नाव घेतलं, तिचं कुणाशी जमलं होतं ते चवीने सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "अंगावर एकही खूण नव्हती!" माझी आठवीतली लेक तिथेच अभ्यास करीत होती. तिने विचारलं, "आई, खूण नव्हती म्हणजे तिची ना नव्हती का गं?"

मी मोबाइल बंद केला नि तिला सगळं नीट सांगितलं. तुम्हांलाही सांगते.

२६ मार्च १९७२ ची रात्र. गडचिरोली जिल्हा अजून व्हायचा होता. देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, वय १४ ते १६, भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी ठाण्यात आली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. आरोप आला दोन पोलिसांवर. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. पण १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, हे त्यातलं एक मोठं कारण. माझ्या लेकीला जे वाटलं, तेच देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टालाही वाटलं होतं!

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. १९८० साली गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईशी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ती 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. असे खटले बंद दाराआड चालवायचे. आणि पीडित बाईचं नाव छापणं वा जाहीर करणं हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यांतही हे सारं कायम आहे.

मी त्या मुलीचं नाव लिहिलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. तिच्या खटल्यामुळे इतर मुलींची नावं झाकली गेली. तिचं मात्र आजही सर्रास घेतलं जातं.

मग हे ऐकणं सोडायचं का? मुळीच नाही. अशा गोष्टी बायकांना ठाऊक असायलाच हव्यात. पण तांदूळ निवडतो तसं निवडून घ्यावं. पीडितेचं नाव, गाव, घर सांगत असतील, तर बंद करावं. निकाल कुठल्या कोर्टाचा, कुठल्या सालचा, पुढे अपिलात काय झालं, हे सांगतात का ते बघावं. खालच्या कोर्टाच्या निकालावर गोष्ट संपवणारा अर्धंच सांगतो. आरोपीने काय केलं यापेक्षा बाईच्या वागण्यावरच जास्त वेळ जात असेल, तर सावध व्हावं. आणि मुलं जवळ असतील, तर त्यांनी काय ऐकलं ते विचारावं. नुसतं "तू अभ्यास कर" म्हणून भागत नाही.

लेकीला मी शेवटी एवढंच विचारलं, "घरात कुणी मोठं माणूस अंगावर ओरडलं की तू गप्प बसतेस. तेव्हा तुला ते पटलेलं असतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग रात्रीच्या वेळी, ठाण्यात, वर्दीसमोर?"

तिने मान हलवली. तुमच्या लेकीशीही एकदा बोला. जमलंच तर मुलाशीही, बरं का!