गळ टाकणाऱ्याची बाजू

मराठी भाषेने मासे धरणाऱ्याची सारी हत्यारे उचलून घरात आणली, आणि त्याला मात्र ओसरीवरही बसू दिले नाही. कोणी फसला की तो गळाला लागतो. कोणी कटात सापडला की तो जाळ्यात अडकतो. लाच खाताना मोठा अधिकारी पकडला गेला की वर्तमानपत्र त्याला बडा मासा म्हणते. गळ, जाळे, आमिष हे शब्द वकिलाच्या, पुढाऱ्याच्या आणि लेखकाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतात. पण जो खरोखरच वेळूची काठी घेऊन डोहाकाठी तीन-तीन तास निश्चल बसतो, त्याला आपण काय म्हणतो? रिकामटेकडा!

या रिकामटेकड्याची बाजू मला येथे मांडायची आहे. ती कणव म्हणून नव्हे. माझे म्हणणे त्याहून कडक आहे. ज्या समाजाला मासा धरण्याची विद्या हलकी वाटते, त्या समाजाच्या नद्यांत शेवटी मासा उरत नाही.

आमच्या राहुरीकडची चार पैसे गाठीला असलेली मंडळी हल्ली उन्हाळ्यात कुलू-मनालीला जातात. परत आली की बर्फाबरोबर ट्राउटच्या गोष्टी सांगतात. तेथल्या नद्यांत साहेबी थाटाची काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले लोक त्यांनी पाहिलेले असतात, आणि त्यांचे वर्णन करताना या मंडळींचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येतो. तीच मंडळी मुळेच्या पुलावरून जाताना खाली गळ टाकून बसलेला माणूस पाहतात आणि म्हणतात, ‘याला काही कामधंदा दिसत नाही!’ पाणी तेच, काठी तीच, ताटकळणेही तेच. मग तो शौकीन आणि हा उनाड, हा निवाडा कोणत्या न्यायाने झाला?

ट्राउटवर माझा राग नाही. रेनबो ट्राउट हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांतला मासा. अंगावर काळे ठिपके, आणि कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा. साहेबाने तो विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत आणि काश्मिरात आणला, कारण त्याला थंड आणि खळाळते पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो. तेव्हा मुळेत तो कधी यायचा नाही, आणि यावा अशी माझी इच्छाही नाही. पण त्याला धरण्याची जी विद्या लोकांनी उभी केली, ती खरोखर पाहण्यासारखी आहे.

त्या विद्येत ‘फ्लाय’ म्हणून एक प्रकार आहे. बारीक गळावर पिसे, केस आणि रेशीम गुंडाळून केलेला हा खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतेच. मग तो लांब फेकावा कसा? आपल्या गळाला शिसे ओढून नेते. तेथे दोरीच जाड आणि वजनदार करतात. लवचीक काठीच्या झोक्याने ती दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाला बांधलेल्या बारीक धाग्यावरचा किडा पाण्यावर अलगद उतरतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो. तेथे पाणी मंद असते, पण शेजारच्या वेगवान धारेतून खाणे आपोआप वाहत येते. म्हणून शिकारी खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून, सावली पाण्यावर पडू न देता येतो. नदीतले दगड उलटून त्यांखाली कोणत्या किड्याची अळी आहे ते पाहतो आणि त्याच जातीचा खोटा किडा निवडतो. कित्येक जण तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतात, म्हणजे सोडून द्यायचा मासा फारशी इजा न होता सुटतो.

आणि या विद्येच्या पोटातूनच नियम जन्माला आले. काठीमागे परवाना, ठरलेल्या मापाखालचा मासा परत पाण्यात, दिवसाला ठरावीकच मासे. हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या नद्या मासेमारीला बंद असतात, कारण ते विणीचे दिवस. परका मासा, परक्या लोकांनी आणलेला. पण त्याच्या बाळंतपणाची काळजी वाहणारे सरकार आहे. हे कशामुळे? त्या माशावर प्रेम करणारे, त्याच्याविषयी लिहिणारे आणि भांडणारे गळवाले होते म्हणून. आयझॅक वॉल्टनने गळाच्या विद्येवर १६५३ साली पुस्तक लिहिले. ते आजही छापले जाते आणि वाङ्मय म्हणून वाचले जाते.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे अशी परंपराच नव्हती. हे सपशेल खोटे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. आपले पंडित हा ग्रंथ मोठ्या अभिमानाने उघडतात, कारण महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, त्याला कोणते आमिष द्यावे, काठी कशी असावी, दोरी कशाची असावी, असा सारा विचार त्यात केला आहे. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे, दख्खनच्याच एका राजाने! ओवीची ओळ आम्ही पाठ केली आणि माशाचे पान उलटून पुढे गेलो. विटाळ झाला असता ना!

बरे, ग्रंथ सोडा. नावांचे पाहा. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ नंतर काही वर्षे दख्खनभर पाहणी करीत हिंडला. येथल्या माशांची शास्त्रीय वर्णने त्याने १८३९ साली प्रसिद्ध केली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने नाव दिले ‘खुद्री’. दुसऱ्या माशांना दिली ‘कोलुस’, ‘नुक्ता’, ‘मुल्या’, ‘बोगट’, ‘पोटेल’. एका कुळालाच नाव दिले ‘रोहटी’. ही लॅटिन खचित नव्हे! नदीकाठच्या भोयाने, कोळ्याने टोपलीतला मासा वर धरून जे सांगितले, ते साहेबाने कानांनी टिपले. जगभरच्या शास्त्रग्रंथांत ते शब्द आजही आहेत, आणि प्रत्येक नावापुढे साइक्सचे नाव आहे. सांगणाऱ्याचे कोठेच नाही. इंग्रजाने निदान विचारले तरी! आपण तेवढेही केले नाही.

आता आमच्या मुळेकडे या. ही पुण्याची मुळा नव्हे. ही हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघते, अकोले आणि संगमनेर तालुक्यांतून खाली उतरते आणि राहुरीजवळ बारागाव नांदूरला धरणात अडते. सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या धरणाच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात. त्यात २६ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्याच्या काठाने आणि खालच्या डोहांवर गळ टाकणारा जो माणूस बसतो, त्याला काय काय ठाऊक असावे लागते ते ऐका.

त्याला माशाच्या तोंडाची ठेवण ठाऊक असते. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यातला. मृगळाचे तोंड खाली, म्हणून तो तळाचा चिखल हुंगतो. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली एकच गोळी तिघांनाही चालेल, पण ती किती खोल सोडायची हे तोंडच सांगते. पाण्यावरचे भेंड कसे हलते यावरून खाली कोण आहे ते त्याला कळते. चिलापी टुकटुक टोचते. रोहू गोळी चोखून थुंकतो, तेव्हा भेंड नुसते थरथरते. त्या वेळी हिसका दिला की गेलाच मासा. भेंड आडवे सरकू लागेपर्यंत हात आवरावा लागतो. वाम दगडांच्या कपारीत राहते आणि तिला गांडूळ लागते. शिंगटा रात्री तळाशी येतो, त्याच्या काट्याने हात फाटतो. मरळ हवा घ्यायला वर येते, आणि पाणवनस्पतींच्या कडेला उठलेला तो एक बुडबुडा पाहण्यासाठी माणूस तास तास डोळे लावून बसतो. मरळीची पिल्ले तांबूस रंगाची. त्यांचा झुबका पाण्यात फिरत असतो आणि आईबाप त्याची राखण करतात. त्या वेळी ती झुबक्याजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते, म्हणजे तेव्हा तिला गळाला लावणे सर्वांत सोपे. आणि जाणता गळवाला नेमका तेव्हाच तेथे गळ टाकीत नाही, कारण आईबाप गेले की सारा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

ही विद्या नव्हे काय? माझ्या वर्गात नदीकाठच्या वस्तीवरचे जे पोर भूगोलाच्या तासाला खाली मान घालून बसते, त्याला यातले निम्मे ठाऊक असते. पण परीक्षेत यावर प्रश्न नाही, म्हणून ते पोर ‘ढ’.

गळावर पहिला आक्षेप हिंसेचा घेतला जातो. जो मुळीच मासा खात नाही, त्याच्या आक्षेपापुढे मी हात जोडतो. पण मग त्याने हिंसेचा हिशेब पुरा करावा. गळाची हिंसा एका माशाची, आणि ती करणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसते. आमचा हा उसाचा मुलूख. या मुलखात कोठेही कारखान्याची मळी नदीत उतरली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि सकाळी डोहभर मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात. लहान, मोठे, गाभोळीचे, सगळे. ज्याच्या हातून हे घडते त्याला कोणी हिंसक म्हणत नाही; रिकामटेकडा तर नाहीच नाही! काठीवाल्याला पाप आणि नळवाल्याला पुण्य, असले जमाखर्च माझ्या गणितात बसत नाहीत.

दुसरा आक्षेप पोटाचा. गळाने एखाद्या माणसाचे कालवण होते, संसार चालत नाही. त्यासाठी जाळेच हवे. अगदी कबूल. जाळ्याशी माझे वैर नाही. पण जाळ्यालाही डोळे असतात. दोन गाठींमधली जी जागा तिला आस म्हणतात. आस मोठा असला की धाकटा मासा पार होतो आणि जाणता तेवढा कल्ल्याशी अडकतो. म्हणजे चांगले जाळेही गळासारखेच निवड करते. मच्छरदाणीच्या कापडासारख्या बारीक जाळ्याला मात्र निवड ठाऊक नाही. तिकडे उजनीवर असल्या जाळ्याला वडाप म्हणतात. त्यात जलाशयात सोडलेली बोटुकलीसुद्धा निघते. चार ग्रॅमची बोटुकली सुकटीच्या भावाने जाते. तीच वर्षभर पाण्यात राहिली असती तर किलोच्या काट्यावर चढली असती. हातावर पोट असलेल्या माणसाला मी याचा दोष देत नाही. दोष त्याच्याकडून असला माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि तो बिनबोभाट रांधणाऱ्या तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराचा.

आणि जाळ्याच्याही पलीकडे गेलेले लोक आहेत. डोहात सुरुंगाची दारू फोडायची, विष कालवायचे, तारेने वीज सोडायची. दारू आणि विष यांना इंग्रजाच्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण कायद्याला डोळे लागतात, आणि ते डोळे काठावर रोज बसणाऱ्या माणसाचेच असतात. डोहाला पहिला धोका कळतो तो गळवाल्याला. ज्या पाण्यावर तो बसत नाही, त्या पाण्यावर चोराला रान मोकळे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. नदीकाठच्या शाळेत मुलांना आपल्या नदीतले दहा मासे नावाने ओळखता आले पाहिजेत. जलाशयाविषयी ठराव करताना, जो काठावर बसतो त्याला बोलावून विचारले पाहिजे. पहिल्या पावसात चढणीला लागलेले, पोटात गाभोळी घेऊन उथळ पाण्यात शिरणारे मासे काठ्यांनी बडवून पोती भरण्याचा जो पराक्रम गावोगाव चालतो, त्याला लाज वाटेल असे काही आपण लिहिले पाहिजे. समुद्रावर जून-जुलै हे दोन महिने होड्या बंद राहतात. नदीलाही बाळंतपणाची तेवढी सवड मिळावी. आणि आमच्या कादंबऱ्यांतल्या नदीला आता थोडे काम द्यावे. नायिकेने संध्याकाळी पाय सोडून बसण्यापलीकडे तिला आजवर धंदाच नाही!

लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून खुद्री महसीरची पिल्ले तयार होतात. मनात आणले तर काय होते याचा तो पुरावा. आणि राहुरीला तर हे वेगळे समजावून सांगायलाच नको. १९६८ पासून येथे कृषी विद्यापीठ आहे. दुष्काळात उपाशी राहील पण बियाण्याच्या कणगीला हात लावणार नाही, असा शेतकरी या मातीने पाहिला आहे. चढणीचा मासा आणि बोटुकली हे नदीचे बियाणे आहे. घरचे बियाणे राखणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो आणि नदीचे दळून खातो. ही लबाडी ज्या दिवशी आपल्याला टोचेल, त्या दिवशी काठावरच्या माणसाला नावे ठेवण्याआधी आपण त्याच्याशेजारी बसून विचारू, ‘काय मामा, कोणता लागतोय आज?’ त्याच्याकडे उत्तर आहे, तोवर हे विचारून घ्यावे.