दुधाचेच दात, पण...

रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही मुलांना बिस्किटे वाटली. चार वर्षांच्या एका चिमुरडीला चावताच येईना. पुढचे दात काळे पडून तुटलेले. आई म्हणाली, "दुधाचेच दात, पडणारच की!"

भगिनींनो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन बाळ झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, जंतू साखरेचे आम्ल करतात आणि दात किडतात. दिवसभरच्या गोळ्या-बिस्किटांनीही तेच होते. हिरडीलगत पांढरा पट्टा दिसताच दवाखाना गाठा. पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन आईबापांनीच दोन वेळा दात घासावेत. रात्री तर चुकवू नये.

दाढ ठणकत असताना मूल वर्गात शिकणार कसे?

आमचीही चूक झाली. पुढच्या रविवारपासून विहारात केळी वाटू. जयभीम!