पॅड नवे टाकले, दुखणे तसेच!

ऑगस्ट २०२० च्या महापुरात वैनगंगेचे पाणी भंडारा परिसरातील वस्त्यांत शिरले. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सगळेच तपासून घेतात. ब्रेककडे लक्ष जाते ते थेट ‘कर्रर्र’ आवाज आल्यावर. मग नवे पॅड बसवले की विषय संपला, असे मानले जाते. चूक नेमकी इथेच होते.

झिजलेला पॅड ही खूण आहे, आजार दुसरीकडे असतो.

आतला पॅड संपला आणि बाहेरचा जाड राहिला, तर कॅलिपरची पिन गंजून अडकलेली असू शकते किंवा पिस्टन मागे सरकत नसतो. पॅड तिरका झिजला, तर कॅलिपर सरळ सरकत नाही.

पेडल मऊ लागत असेल, तर ब्रेक ऑइल तपासावे. नवे डॉट-४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की वाफ होते. पेडल दाबले तरी ब्रेक लागत नाही.

रेसट्रॅकवर ब्रेक प्रचंड तापतात, म्हणून तिथे पॅड वारंवार तपासतात. कारध्याजवळच्या महामार्गावर पुढे भरलेला ट्रक असताना हीच शिस्त का नको?

गॅरेजमधून जुने पॅड मागून घ्यावेत. आतले-बाहेरचे, डावे-उजवे शेजारी ठेवावेत. झीज सारखी नसेल, तर कारण सापडेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नये.