जंगल कोणास म्हणावें?

छत्रपति संभाजीनगरच्या कोरड्या पठारावरून मुंबईस गेलेल्या मनुष्यास तेथील इमारतींपेक्षां झाडांचेंच अधिक नवल वाटतें. आम्हांसही वाटलें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान, त्यांत विहार व तुळशी हे तलाव, आणि त्यास खेटून २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें सव्वा कोटी वस्तीचें शहर, हें भाग्य फार थोड्या नगरांच्या वांट्यास आलें आहे.

परंतु ह्या भाग्याचे धनी असलेल्या कांहीं सुविद्य गृहस्थांनीं आम्हांस ऐकविलें कीं, 'आरे हें जंगलच नव्हे. ती दूधवसाहत आहे.' ह्या युक्तिवादाचा समाचार घेणें अवश्य आहे. १९४९ सालीं सरकारनें तेथें गोठे वसविले, म्हणून तेथील मातीनें आपला धर्म सोडला काय? बिबट्यास सरकारी दफ्तर वाचतां येत नाहीं, आणि झाडाचें मूळ सातबारा पाहून पाणी धरीत नसतें.

४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळतांच त्याच रात्रीं करवती चालल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें हात धरीपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं. कृत्य निर्दोष होतें, तर रात्रीची घाई कशासाठीं?

भुयारी रेल्वे नको, असें आम्ही म्हणत नाहीं. लोकलमध्यें चेंगरणाऱ्या मनुष्यास ती हवीच. २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत धांवतही आहे. वाद गाडीचा नाहीं, गाडीच्या आगाराचा आहे. २०२० सालीं तें कांजूरमार्गास न्यावयाचें ठरलें, २०२२ सालीं पुनः आरेस आलें. 'झाडें दुसरीकडे लावूं' म्हणणाऱ्यांनीं २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीनें आपली जुनी हद्द परत मागितली. परगांवीं लावलेलें रोप मिठीच्या कांठचें पाणी कसें जिरविणार?

हें आम्ही पंडिताच्या नव्हे, पोळलेल्याच्या अधिकारानें सांगत आहों. मलिक अंबरानें आमच्या नगरास भूमिगत नहरींनीं डोंगरचें मुरलेलें पाणी आणून दिलें होतें. त्या नहरींकडे पाठ फिरवून आम्ही पैठणच्या नाथसागरांतून पाणी ओढूं लागलों, आणि कित्येक वर्षें आठ-आठ दिवस नळाकडे डोळे लावून बसलों. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. ह्या एका बाबतींत पुढें जाऊन ठेचाळलेलें शहर आमचें आहे. मागून येणाऱ्या मुंबईनें तरी शहाणें व्हावें.