फाइल उघडली, म्हणजे विदा वाचली असे नव्हे

बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. त्यांतील एखाद्या जुन्या काचेच्या प्लेटला तडा गेला, तरी उरलेल्या भागातला सूर्य दिसतो. डेटाबेसच्या फाइलीचे तसे नसते.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेस्कटॉप डेटाबेसमध्ये तक्ते, अनुक्रमणिका आणि तक्त्यांमधील संबंध एकाच फाइलीत साठवलेले असतात. ही फाइल ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते व एका पानात दुसऱ्या पानाचा पत्ता असतो. सामायिक फोल्डरमधील अशा फाइलीत अनेक संगणक थेट लिहितात. मध्येच वीज गेली वा नेटवर्क तुटले, तर पान अर्धवट राहते; आणि पत्ता बिघडला की पुढच्या धडधाकट नोंदीही सापडेनाशा होतात.

ॲक्सेसची ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही सोय वाचता येईल तेवढेच नव्या फाइलीत उतरवते. आढळलेल्या त्रुटींचा तक्ताही ती ठेवते. पण तो न पाहताच काम पुढे नेले, तर काय गळाले हे कळणार कसे? एस्क्यूलाइटची ‘रिकव्हर’ आज्ञा तर कुठल्या तक्त्यातल्या हे न उमगलेल्या ओळी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवते. अज्ञान लपवण्यापेक्षा ते असे मांडून ठेवणे विज्ञानाला अधिक साजेसे आहे.

बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुदुमलाईच्या अरण्यातील ५० हेक्टरांच्या भूखंडात झाडांची वारंवार मोजणी करीत आले आहेत. अशा दीर्घ मोजणीत एखादा घेर परत मिळाला, पण तो कोणत्या झाडाचा आणि कोणत्या वर्षीचा हे सांगणारा दुवा तुटला, तर उरतो केवळ आकडा. त्याहून घातक म्हणजे काही नोंदी गळूनही सरासरी निघते, आलेख उमटतो आणि चूक निष्कर्षात मुरते.

म्हणून दुरुस्ती नेहमी प्रतीवर व्हावी, मूळ फाइलीवर नव्हे. आधीच्या व नंतरच्या नोंदींची संख्या जुळवावी आणि जे गेले ते शोधनिबंधात नमूद व्हावे. मुख्य म्हणजे, प्रत्येक तक्त्याची साध्या मजकुरातील प्रत, स्तंभांचा अर्थ सांगणाऱ्या टिपणासह, वेळोवेळी अन्यत्र ठेवली जावी. उपकरणासाठी निधी देणाऱ्यांनी या जतनासाठीही तरतूद करायला हवी. हरवलेले फोल्डर कधी तरी सापडेल. त्या वर्षीचे अरण्य मात्र पुन्हा मोजता येत नाही.